शेणाचा भाव

९ मार्च २०२२ रोजी छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल अर्थसंकल्प मांडायला विधानसभेत आले, ते हातात शेणाची बॅग घेऊन. शेण भरलेली नव्हे, शेणापासून केलेली. आत लाख कोटींच्या वरचा हिशेब. रायपूरच्या गोकुळधाम गौठानातल्या, म्हणजे गुरांच्या गोठणातल्या, ‘एक पहल’ या बचत गटाच्या बायकांनी दहा दिवस खपून ती केली होती. शेणाची पूड, चुना, मैदा लकडी आणि गवारीचा डिंक यांचे थरावर थर, मूठ आणि कोपरे कोंडागावच्या कारागिरांचे, आणि वर शेणात लक्ष्मी राहते अशा अर्थाचं संस्कृत वचन.

त्या संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला. “अरे, टीव्हीवर दाखवतायत ते खरं का? वास नाही का येत?” पुण्याच्या माणसाला आधी वास सुचतो. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात मात्र त्या दिवशी निराळाच प्रश्न चर्चेला होता: त्या बॅगेत शेण किती किलो गेलं असेल? कारण आमच्याकडे तोवर शेणाला भाव आलेला होता. २ रुपये किलो.

या भावानं सरकारनं खरेदी सुरू केली ती २० जुलै २०२० ला, हरेलीच्या दिवशी. हरेली म्हणजे छत्तीसगडी शेतकऱ्याचा सण, त्या दिवशी नांगर-कुदळीची पूजा होते. महाराष्ट्रात त्याच अमावास्येला दिवे पुजतात आणि बाकीचे लोक गटारी साजरी करतात. म्हणजे आपले बांधव ज्या संध्याकाळी खिसा रिकामा करत होते, त्याच दिवशी इथला गुराखी शेण विकून खिसा भरायला लागला. योजनेचं नाव गोधन न्याय योजना. दोन वर्षांनी, पुन्हा हरेलीलाच, गोमूत्राचीही खरेदी सुरू झाली, ४ रुपये लिटर. आमचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून इकडे आले असं घरात सांगतात. बिंबाजी भोसल्यांपासून ते थेट २०२० सालापर्यंत आमच्या घराण्यानं छत्तीसगडात शेण फुकट वापरलं, याची त्या दिवशी पहिल्यांदा खंत वाटली.

भाव आला की चोर येतो. जून २०२१ मध्ये कोरबा जिल्ह्यातल्या धुरेना गावातून ८०० किलो शेण चोरीला गेलं. दीपका पोलिसांत रीतसर गुन्हा दाखल झाला, मुद्देमालाची किंमत १६०० रुपये. ही बातमी देशभर हसत हसत वाचली गेली. मला मात्र त्या हवालदाराची काळजी वाटली. पंचनाम्यात मुद्देमालाचं वर्णन काय लिहायचं? ओळख पटवण्याची खूण कोणती? फिर्यादीला ठाण्यात बोलावून चार ढिगांतला आपला ढीग ओळखायला सांगायचं का? आणि समजा सापडलं शेण, तर खटला संपेपर्यंत ते ठेवायचं कुठे? आपल्या न्यायालयांचा वेग पाहता निकाल लागेस्तोवर त्याचं गांडूळखत होणार, आणि सरकारी दरानं गांडूळखत तेव्हा १० रुपये किलो होतं. मुद्देमाल कोठडीत बसून पाचपट महाग होतो अशी चोरी भारतीय दंड संहितेनं कधी कल्पिलीही नसेल.

शेणातून मग रंग निघाला. शेणाचा रंग ही मुळात खादी ग्रामोद्योग आयोगाची कल्पना, जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेत तयार झालेली. १२ जानेवारी २०२१ ला नागपूरच्या नितीन गडकरींनी त्याचं उद्घाटन केलं. डिस्टेंपर १२० रुपये लिटर, इमल्शन २२५. रंगाचे आठ फायदे सांगितले, त्याला नाव दिलं अष्टलाभ: बुरशी धरत नाही, जंतू मरतात, खोली थंड राहते, शिसं नाही, विष नाही वगैरे, आणि वास येत नाही हा त्यातलाच एक. पुढे रायपूरच्या जरवाय गौठानात हा रंग बनू लागला, सरकारी इमारतींना तोच लावायचा असा आदेश निघाला, आणि बघेल काँग्रेसचे असूनही गडकरींनी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. दोन विरोधी पक्षांचं एका गोष्टीवर एकमत व्हावं आणि ती गोष्ट शेण असावी, यावर मी जास्त बोलत नाही.

आमच्या घराला रंग काढायचा होता तेव्हा मी हा विषय काढला. मावशी त्या वेळी भिलाईहून आलेल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “म्हणजे भिंत सारवायचीच ना? मग लिटर कशाला? पाटी सांग की.” ही म्हणाली, “अहो, हॉलला नको. बेडरूमला चालेल.” का, तर हॉलमध्ये लोक येतात आणि कुणीतरी विचारेल. कुणी विचारावं म्हणूनच तर लोक ह्या वस्तू घेतात, असं मी म्हणालो नाही. एवढा संसार मी केलेला आहे.

रायपुरातच कुणी शेणाच्या चपलाही काढल्या. जन्मभर आपण पाय शेणात पडू नये म्हणून चपला घातल्या. आता चपलाच शेणाच्या. ज्यांनी घेतल्या ते पावसाळ्यात काय करतात हे बघायला मी मुद्दाम गोलबाजारात लोकांच्या पायांकडे पाहत हिंडलो आहे. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की लोक माझ्याकडे पाहायला लागले.

नंतर सरकार बदललं, शेणाची खरेदीही थांबली, आणि २०२५ चा अर्थसंकल्प नव्या अर्थमंत्र्यांनी स्वतःच्या हातानं शंभर पानं लिहून आणला. दिल्लीत पंतप्रधान त्याआधी, ८ फेब्रुवारी २०२३ ला, प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून विणलेलं निळं जाकीट घालून संसदेत आले होतेच. टाकाऊ वस्तूला सभागृहात मान आहे. घरात आल्यावर तिची खरी परीक्षा सुरू होते.

आमच्या घरात हे सगळं आलं ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. पूर्वी अशा प्रसंगी चांदीचा करंडा, लेमन सेट, गेला बाजार भिंतीवरचं घड्याळ यायचं. या वेळी सगळे पर्यावरणवादी झालेले. बांबूचे टूथब्रश आले. भाताच्या तुसाचे कप आले, सहाचा संच. वर्तमानपत्राच्या गुंडाळीच्या पेन्सिली आल्या, ज्यांच्या शेपटाला टोमॅटोचं बी असतं आणि लिहून लिहून आखूड झाली की ती कुंडीत खोचायची. आमचा नातू पेन्सिलीचं शेपूटच आधी चावतो, त्यामुळे त्या बियांचं पुढे काय होणार ते वैद्यकीय कुतूहल आहे. एका भाचीनं आपल्या लग्नाची पत्रिकाही बियांच्या कागदावर छापलेली होती, खाली सूचना: वाचून झाल्यावर मातीत पेरा, झेंडू येईल. आम्ही पेरली. भाचीचं लग्न उत्तम चाललंय, झेंडू आला नाही.

सगळ्यांत देखणी भेट म्हणजे बस्तरचा तुंब्याचा दिवा. शबरी एम्पोरियममध्ये मिळतो. वाळलेल्या भोपळ्यावर तापलेल्या लोखंडानं नक्षी काढलेली, बारीक भोकं पाडलेली, आत एलईडी बल्ब. रात्री लावला की भिंतभर ठिपके उमटतात, फार सुरेख दिसतं. आता गंमत अशी, की बस्तरच्या आदिवासीचा तुंबा मूळचा पाण्याचा. कोरून, वाळवून, खांद्याला अडकवून तो रानात न्यायचा, आत पाणी गार राहायचं, कधी सल्फीच्या झाडाची ताडीही राहायची. हा भोपळा आमच्याकडे आल्यावर त्याला भोकं पडली आणि तो दिवा झाला. मग पाण्यासाठी काय? त्यासाठी आम्हाला त्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी स्टीलची बाटली दिली होती, वरून बांबूचं वेष्टण घातलेली. बाटलीचं झाकण प्लॅस्टिकचं.

सौर ऊर्जेचंही सांगितलं पाहिजे, कारण रायपुरात ती घेणं हे जरा नाट्यमय आहे. इथे वीज कोरब्याच्या कोळशाची. एनटीपीसीचं तिथलं एकटं केंद्र २६०० मेगावॅटचं आहे. शहराच्या वेशीवर उरला आणि सिलतरा, तिथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या. रायपूरच्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचारा, गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी कुठल्या रंगाचा निघतो ते तो सांगेल. अनवाणी गच्चीवर जाऊन आलं की तळवा काळा होतो. अशा गच्चीवर आम्ही पॅनेल बसवलं. बसवणारा मुलगा चुणचुणीत होता. जाताना म्हणाला, “अंकल, धूळ बसली की वीज कमी होते. धुवत जा. सकाळी गारव्यात धुवा, उन्हात काच तापलेली असते.”

तेव्हापासून मी पहाटे उठून पॅनेल धुतो. गुडघ्याला आधार म्हणून एक स्टूल वर नेलेलं आहे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, टाकीत ते पंपानं चढतं, पंप पहाटे चालतो आणि पहाटे सूर्य नसल्यामुळे तो कोरब्याच्या विजेवर चालतो. म्हणजे कोळशाच्या विजेनं पाणी चढवायचं, त्या पाण्यानं भट्टीची काळी भुकटी धुवायची, आणि मग दिवसभर स्वच्छ ऊर्जा. माझे एक मित्र, विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, रोज सकाळी फिरायला जाताना खालून हाक मारतात, “आज किती युनिट काजळी काढली?” तरी बिल कमी येतं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. घेतलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये खरोखर उपयोगी पडलेली वस्तू ती एकच, आणि नेमकी तीच पाहुण्यांना दाखवता येत नाही, कारण त्यांना गच्चीवर नेलं की त्यांचे मोजे काळे होतात.

कापडी पिशव्यांचं प्रकरण निराळंच आहे. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीला झिल्ली म्हणतात. पूर्वी स्वयंपाकघरात दाराच्या मागे एका मोठ्या झिल्लीत बाकीच्या झिल्ल्या कोंबलेल्या असायच्या. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली आणि घरात कापडी पिशव्यांचा पूर लोटला. सराफाकडून एक, साडीच्या दुकानातून दोन, साहित्य संमेलनातून एक, मुंजीत प्रत्येक पाहुण्याला एकेक. आता त्याच दारामागे एका मोठ्या कापडी पिशवीत बाकीच्या कापडी पिशव्या आहेत. मंडईत जाताना मी त्यातली एकही नेत नाही, कारण ती नेमकी आठवते ती शास्त्री बाजारात भेंडी तोलून झाल्यावर. मग भाजीवाली गाडीखालून, इकडे-तिकडे बघत, एक झिल्ली काढते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव असतात ते मी एरवी फक्त दारूबंदीच्या गावात पाहिलेले आहेत.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली हिशेब मांडला होता. सुती पिशवीनं प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची, तर नुसतं हवामान धरलं तरी ती ५२ वेळा वापरायला हवी. पाणी, खतं, ओझोन असे सगळेच निकष धरले तर ७१०० वेळा. आणि सेंद्रिय कापसाची असेल, म्हणजे जी सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत पुण्यवान, तर २०,००० वेळा. मी गुणाकार-भागाकार करून पाहिला. रोज एक फेरी मारली तर साध्या पिशवीला साडेएकोणीस वर्षं लागतात. सेंद्रिय पिशवीला जवळजवळ पंचावन्न. ती मृत्युपत्रात लिहून ठेवावी लागेल. आमच्या दारामागच्या सगळ्या पिशव्या फेडायच्या तर मला एक जन्म पुरणार नाही, आणि पुढचा जन्म कुठल्या योनीत मिळेल याची खात्री नाही. गाईचा मिळाला आणि खरेदी पुन्हा सुरू झाली, तर निदान शेणाचे पैसे येतील.

खरं तर जुन्या मराठी घराला हे गणित शिकवायची गरज नव्हती. फाटकं नऊवारी गोधडीत जाई, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचा शेवट सायकल पुसण्यात. जरीची उरलेली साडी बोहारणीच्या टोपलीत जाई आणि बदल्यात स्टीलचं भांडं घरात येई, त्याआधी दारात तासभर घासाघीस. आईचं आणि बोहारणीचं ते संभाषण युद्धतहाच्या तोडीचं असे. पण त्यात पर्यावरण कुठेच नव्हतं, होता तो फक्त चिवट कंजूषपणा. आई आज असती आणि तिला कुणी पर्यावरणप्रेमी म्हटलं असतं, तर तिनं आधी त्याला चहा दिला असता आणि मग विचारलं असतं, “त्याचे किती मिळतात?”

ती अंबिकापूरला शोभली असती. आमच्याच राज्यात, वर सरगुजात, हे गाव आहे. तिथल्या महापालिकेनं २०१९ साली कचऱ्याचं उपाहारगृह काढलं, गार्बेज कॅफे. एक किलो प्लॅस्टिक आणून द्यायचं आणि पोटभर जेवायचं: भात, दोन भाज्या, वरण, पोळी, कोशिंबीर, लोणचं. अर्धा किलो आणलंत तर नाश्ता, समोसा किंवा चक्क वडापाव. छत्तीसगडच्या टोकाला कचऱ्याच्या बदल्यात वडापाव मिळतो हे मी जेव्हा दादरच्या साडूंना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे उलटं आहे. वडापाव घेतला की कचरा मिळतो.” कचरा वेचणारी गरीब माणसं तिथे जेवतात, आणि त्यांच्या दृष्टीनं हा विनोद नाही. एक झिल्ली पाच ग्रॅमची धरली तरी किलोला दोनशे लागतात, आणि त्या उन्हात वाकून वेचायच्या असतात. ते प्लॅस्टिक पुढे केंद्रांवर जातं, तिथल्या बायका ते रंगानुसार, जातीनुसार निवडतात आणि ते विकलं जातं. अंबिकापूरच्या रस्त्यांत डांबराबरोबर प्लॅस्टिकही घातलेलं आहे. एवढं सगळं होतं, कारण तिथे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वजन करतं आणि कुणीतरी मोल देतं.

वजन करणारा आमच्या गल्लीतही आहे. “लोहा, टीना-टप्पर, रद्दी पेपर” अशी आरोळी देत हातगाडी घेऊन येणारा कबाडी. गेल्या दिवाळीत घर आवरताना हिनं ठरवलं की वापरात नसलेल्या पर्यावरणपूरक वस्तू त्याला देऊन टाकायच्या. मला वाटलं, पुनर्वापराची वस्तू पुनर्वापराला देणं याहून शास्त्रशुद्ध काय असेल? मी सगळ्या ओसरीवर मांडल्या. कबाडी पायरीवर टेकला, त्यानं एकेक वस्तू उचलली.

बांबूचा ब्रश हातात धरून त्यानं दाते अंगठ्यानं वाकवले. “ये लकडी, ये नायलॉन,” म्हणाला आणि बाजूला ठेवला. तुसाचा कप उजेडात धरला, नखानं खरवडला, नाकाशी नेला. “धान का छिलका है, पर प्लास्टिक मिला के दबाया है. न जलेगा, न गलेगा.” बाजूला. कागदी पेले होते, त्यातला एक त्यानं फाडला आणि आतून सुटलेली पातळ, चकचकीत साय मला दाखवली. तीही पॉलिथिनचीच. तुंब्याच्या दिव्यातला बल्ब काढून घेतो म्हणाला, भोपळा नको. बांबूच्या वेष्टणाची बाटली मात्र त्याला आवडली. वेष्टण एका झटक्यात सोलून त्यानं अंगणात टाकलं, झाकण काढलं, आणि उरलेलं स्टील चुंबक न लावताच गाडीत टाकलं. जवळच भिलाईचा कारखाना १९५९ पासून पोलाद ओततो आहे. स्टीलला दहा वेळा वितळवा, ते स्टीलच राहतं. लोखंड लोखंड आहे, कागद कागद आहे, त्यांचा भाव ठरलेला आहे. पण दोन चांगल्या वस्तू एकमेकींत अशा कालवल्या की नंतर कुणालाच वेगळ्या करता येऊ नयेत, आणि वर हिरवं पान छापलं, की त्याच्या तराजूत तिला जागा उरत नाही.

“इसका भाव नहीं है, भाभीजी,” असं म्हणून त्यानं बाटलीचे आणि रद्दीचे पैसे मोजून दिले. बिल्ला, प्रमाणपत्र, अष्टलाभ यांतलं काहीही न लावता त्यानं पाच मिनिटांत जी छाननी केली ती बघून मी त्याला चहा विचारला. चहा त्यानं तुसाच्या कपात नको म्हणून सांगितलं.

ही जराही डगमगली नाही. तिनं सहाही कप धुतले, पुसले, मूळच्या खोक्यात मूळच्या पुठ्ठ्यांमध्ये बसवले आणि खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. संक्रांत जवळ होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात चौबे कॉलनीतल्या एका वहिनींना ते वाण म्हणून गेलं. वहिनींनी ते चैत्रगौरीला शंकरनगरात दिलं. तिथून ते एका डोहाळजेवणात टाटीबंधला पोचलं, आणि आषाढात ‘तुमच्या घरात शोभेल’ अशा चिठ्ठीसह मावशींकडे भिलाईला. कपांवर अजून एकाही ओठाचा डाग नाही. मावशींचा परवा फोन होता. म्हणाल्या, बॉक्स छान आहे, पण खोक्याच्या तळाशी पेन्सिलनं तुझं नाव कुणी लिहिलंय?

मी म्हणालो, पेन्सिल वर्तमानपत्राची असेल तर पुसलं जाईल, बघा.